माजघराचा वास

२०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी आमच्या शिरोळ तालुक्यातल्या शिवारात ठाण मांडून बसलं. आमचा निम्मा ऊस जागेवर कुजला. उरलेल्या निम्म्याचं बिल जानेवारीत खात्यावर जमा झालं, तेव्हा घरात एकच विषय होता, गाडी. हौसेची नव्हे. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मिरजेला न्यावं लागायचं. येताना ती इतकी गळून जायची, की एस.टी. येईस्तोवर स्टँडच्या बाकड्यावर आडवी व्हायची. नवी गाडी आवाक्यात नव्हती. जुनीच घ्यायची ठरलं.

एका एजंटानं पांढरी गाडी दाखवली. चकचकीत, फक्त ३०,००० किलोमीटर पळालेली, किंमत १,९०,००० रुपये. मी तर मनातल्या मनात आईला पुढच्या सीटवर बसवलंसुद्धा. इसाराचे पैसे काढायला खिशात हात घातला, तोवर आण्णा दार उघडून आत बसले. त्यांना क्लच-ब्रेकातलं काही कळत नव्हतं. काचा बंद करून दोन मिनिटं नुसते बसले. बाहेर येऊन हळूच म्हणाले, "हिच्यात पानी शिरलंया. आपल्या माजघराला येतुया तसलाच वास हाय."

एजंट हसला. पण आमच्याबरोबर गावातला मेस्त्री होता. त्यानं सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. वरचा पट्टा स्वच्छ, पण एरवी आत गुंडाळलेल्या भागावर वाळलेल्या चिखलाची रेघ. पायाखालचं मॅटिंग उचललं, तर बारीक गाळ. सीटखालच्या पट्ट्यांना गंज. "वायरिंगमधी गेलेलं पानी आज न्हाई तर उद्या बोलतंयच," मेस्त्री म्हणाला. कुठं बोललं असतं? आईला घेऊन जाताना, भर रस्त्यात.

महिन्याभरानं एका निवृत्त मास्तरांची २०१२ ची अल्टो बघितली. रंग उडालेला. मेस्त्रीनं आदल्या दिवशीच निरोप धाडला होता, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. तापलेल्या इंजिनात दुखणं लपतं, गार इंजिन लपवत नाही. पहिल्याच स्टार्टरला गाडी सुरू झाली, धूर नाही. चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडला, जुळला. पण आरसीवर बँकेचा बोजा होता.

"कर्ज कधीच फिटलंय," मास्तर म्हणाले.

"फिटलं आसंल मास्तर. पर सात-बारावरचा बोजा उतरल्याबिगर आपुन जमीन घेतो काय?" आण्णा म्हणाले.

मास्तर स्वतः बँकेत गेले. बँकेचा दाखला आणला, बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म भरला, गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर सह्या झाल्या. इन्शुरन्सचे कागद बघितले. मगच १,५०,००० रुपये मोजले. यात बारा दिवस गेले. ते बारा दिवस आई एस.टी.नंच गेली आणि मला आण्णांचा रागही आला.

मार्चमध्ये लॉकडाउन लागलं. एस.टी. बंद झाली. डायलिसिस थांबवता येत नव्हतं. काचेला पास चिकटवून, सुनसान रस्त्यानं आम्ही आठवड्याला दोनदा मिरज गाठत होतो. अल्टो वाटेत एकदाही बंद पडली नाही. आई मागं रेलून डोळे मिटायची आणि घर आल्यावरच उघडायची.

आई त्यानंतर दोन वर्षं होती. गाडी अजून दारात आहे. कुणी जुनी गाडी बघायला चल म्हटलं, की मी जातो. आधी काचा बंद करून आत बसतो, मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो.