फोटोलाही गाव असावे

शेतकऱ्याच्या घरात जमीन कागदापेक्षा खुणेने ओळखतात. चिंचेखालची विहीर, ओढ्याकाठचे खळे, देवळाकडचा बांध. खूण असते तोवर कुणाला विचारावे लागत नाही. खूण गेली की सांगणारे माणूस लागते, आणि माणूस काही कायमचे राहत नाही.

माझे माहेर कल्याण-शीळ रस्त्याकडच्या २७ गावांपैकी एक. आमची भातखाचरे आता इमारतींखाली गेली. ही गावे २००२ साली कल्याण-डोंबिवली महापालिकेतून बाहेर निघाली आणि २०१५ साली पुन्हा आत आली. तिकडे पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, आता त्याचा स्वतंत्र जिल्हा आहे. तेव्हा फोटोमागे नुसते गाव आणि जिल्हा लिहून भागत नाही. नावे आणि हद्दी बदलतात. अक्षांश-रेखांश जागचे हलत नाहीत.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘लोकेशन’ चालू असले, तर चित्राबरोबर हे आकडेही फोटोच्या फाइलमध्ये नोंदले जातात. कल्याणच्या बाजूला ते १९ अंश उत्तर आणि ७३ अंश पूर्व याच्या आसपास येतात. अक्षांशात दशांश चिन्हापुढचा चौथा आकडा एकाने बदलला, तर जागा सुमारे ११ मीटर सरकते. म्हणजे एका खाचरातून शेजारच्या खाचरात!

वीस वर्षांपूर्वीच्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यात ही सोय सहसा नसे. दादाने तेव्हा काढलेले विहिरीचे, खळ्याचे, लावणीचे फोटो संगणकावर होते. पण कुठला फोटो कुठे काढला, हे आईशिवाय कुणाला सांगता येत नव्हते. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. म्हणून गेल्या दिवाळीत तिला रिक्षाने घेऊन गेलो. विहिरीच्या जागी आता गाड्या उभ्या करतात. आईने रस्त्याचे वळण पाहून ती जागा दाखवली आणि भाच्याने तिथे उभे राहून मोबाइलवर फोटो काढला.

घरी आल्यावर त्याने डिजिकॅम नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम उघडला. आधी सगळ्या जुन्या फोटोंची एक वेगळी प्रत ठेवली. मग जागेच्या नोंदीची खिडकी उघडून नव्या फोटोवरचे आकडे ‘कॉपी’ केले, विहिरीचे जुने फोटो निवडून त्यांवर ‘पेस्ट’ केले आणि बदल कायम केले. नकाशावर विहीर पुन्हा आपल्या जागी आली.

भाचा म्हणाला, “आत्या, सगळ्याच फोटोंना हाच पत्ता देऊन टाकू का? एका दमात होईल.”

माझ्याआधी आईच बोलली, “त्यातले मुरबाडच्या मामाच्या शेतातले वेगळे काढ. दुसऱ्याचं रान आपलं म्हणून लावू नको.”

मला वाटते, या कामाचा सगळा नियम त्या वाक्यात आला. पत्ता नसलेला फोटो निदान गप्प राहतो. चुकीच्या पत्त्याचा फोटो पुढच्या पिढीशी खोटे बोलतो. जिथे खात्री नाही तिथे जागा रिकामी ठेवावी. असा मागाहून घातलेला पत्ता घरच्या आठवणीसाठी आहे, पुराव्यासाठी नव्हे. ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभे राहून त्याच अ‍ॅपमधून काढायचा असतो. तिथे ही युक्ती वापरू नये.

आणखी एक ध्यानात ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की ही नोंद गळून पडते; पत्त्यासकट हवा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मात्र परक्या माणसाला घरचे, मुलाबाळांचे फोटो तसे देऊ नयेत, कारण त्यातून घर कुठे आहे ते कळते.

तुमच्या गावात अजून विहीर असेल, खळे असेल, तर आजच लोकेशन चालू करून एकेक फोटो काढून ठेवा. घरात जाणते माणूस असेल तर त्याला बरोबर न्या. आकडे यंत्र नोंदवील. पण उभे कुठे राहायचे, ते त्यालाच ठाऊक असते.