ठोका

आवाजावरून वस्तूची पारख करणारी माणसे मला फार आवडतात. नारळ कानाशी धरून हलवणारी, माठावर टिचकी मारून तो घेणारी किंवा टाकणारी, रुपया दगडावर वाजवून मगच कनवटीला लावणारी जुनी माणसे. या पंगतीत मी आमच्या मिस्त्रींचे पान अगदी वर मांडतो. गेली चाळीस वर्षे त्यांनी मोटारींची इंजिने कानाने जुळवली आहेत.

आमची एव्हरशाईन सिटी म्हणजे वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला ओळीने उभ्या राहिलेल्या इमारती. नाव इंग्रजी, वस्ती देशातल्या सगळ्या प्रांतांची. गोखिवऱ्याच्या बाजूला गेले की कारखान्यांचे गाळे लागतात. त्यांतल्याच एकात मिस्त्रींचे गॅरेज आहे. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसतो. घरी बसून कादंबरीचे प्रकरण रखडण्यापेक्षा हे बरे, असे माझे मत आहे. घरच्यांचे निराळे आहे.

या वर्षी तिथे आमच्या शेजारच्या आप्पांची प्रीमियर पद्मिनी आली. ही गाडी मूळची इटलीतली फियाट. आपल्याकडे ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात घडू लागली आणि सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे हेच रूप दोन पिढ्यांनी पाहिले. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. आप्पांची मात्र खाजगी. भाऊबीजेला ते तिच्यातूनच घोडबंदर रस्त्याने ठाण्याला बहिणीकडे जातात. गेल्या वर्षी गायमुखच्या घाटात तिचे पाणी उकळले, आणि ऐंशीच्या घरातल्या बहिणीने ओवाळणीचे तबक रात्री दहापर्यंत तसेच ठेवले. शिवाय नोंदणीचे नूतनीकरण जवळ आलेले. मुलगा म्हणतो, भंगारात द्या. आप्पा म्हणाले, "मिस्त्री, या वेळी नीट चढली नाही, तर मी काही बोलणार नाही."

इंजिन जुळवायचे म्हणजे दोन गोष्टी जुळवायच्या. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण, आणि ठिणगी पडण्याची वेळ. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल जास्त झाले तर काळा धूर आणि दुप्पट खर्च. कमी झाले तर इंजिन तापते. प्लग काढून पाहिला की सगळे कळते. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, खडूसारखा पांढरा असेल तर कमी, आणि चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग असेल तर ठीक.

वेळेचे प्रकरण याहून नाजूक आहे. पेट्रोल एकदम पेटत नाही. ज्योत पसरायला अवधी लागतो. म्हणून पिस्टन वर पोचण्याच्या थोडी आधीच ठिणगी पाडावी लागते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर दहा अंशांचा फरक म्हणजे सेकंदाचा अठराशेवा भाग! आणि हा भाग मिस्त्री डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला डेल्को, बोटाने किंचित फिरवून गाठतात. ठिणगी उशिरा पडली तर गाडी ओढत नाही. फार लवकर पडली, तर न पेटलेले उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकते आणि आत ठोका बसतो. डब्यात चिंचोके हलवावेत तसा तो आवाज.

मौज अशी, की या ठोक्याच्या अगदी अलीकडे इंजिन सर्वांत गोड चालते. वेळ थोडी पुढे घेतली, पेट्रोल थोडे आवळले, की गाडी हलकी आणि चपळ वाटते. गिऱ्हाईक खूश होते. मिस्त्री म्हणतात, "मास्तर, ताप चढायच्या आधी माणसाचा चेहरा कसा तजेलदार दिसतो, तसंच हे."

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने एकदा गॅरेजात मोबाईलवर जपानच्या माझदा आरएक्स-७ या गाडीचे इंजिन दाखवले. १९७८ साली निघालेली ही क्रीडामोटार. तिच्यात पिस्टनच नाही. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या कल्पनेतून आलेला एक फुगीर बाजूंचा त्रिकोण पोकळीत गरगरत असतो. पेटण्याची जागा लांबट आणि चिंचोळी असल्याने ज्योत सावकाश पसरते. म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग, एक आधी पेटणारा, दुसरा किंचित मागून. म्हणजे वेळही दोन ठिकाणी जुळवायची. याच जातीच्या इंजिनावर माझदाने १९९१ साली फ्रान्समधली ल मानची चोवीस तासांची शर्यत जिंकली. मुलगा रंगात येऊन सांगत होता. मिस्त्रींनी त्रिकोण दोन-तीनदा फिरताना पाहिला आणि विचारले, "पिस्टन नाही, तर ठोका बसतो कुठे?"

मला हा प्रश्न फार मोठा वाटला. उत्तर असे, की तो बसतो त्रिकोणाच्या टोकांवरच्या बारीक पट्ट्यांवर, ज्या दाब अडवून धरतात. एका जोरदार ठोक्यात ती पट्टी तुटू शकते, आणि मग सगळे इंजिन खोलण्यावाचून गती नाही. म्हणून ते जुळवणारे लोक जोर लावताना पेट्रोल मुद्दाम जास्त सोडतात. जादा पेट्रोल आतून गारवा देते. "म्हणजे त्या बिचाऱ्याला ओरडायलाही वेळ मिळत नाही," मिस्त्री म्हणाले. "आपली पद्मिनी बरी. आधी कुरकुरते."

पण कुरकुर ऐकायला कान हवा. मिस्त्रींच्या फोनची बारीक घंटी त्यांना ऐकू येत नाही, हे माझ्या पूर्वीच ध्यानात आले होते. गोंगाटात आयुष्य काढणाऱ्यांचे कान प्रथम उंच पट्टीचे आवाज गमावतात, आणि ठोका नेमका उंच पट्टीतला.

त्यातून पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २००० साली देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. २०२५ पर्यंत पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास झाले. आपल्या महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना त्यामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले, याचा मला आनंदच आहे. पण इथेनॉलच्या एका भागाला नऊच भाग हवा लागते. म्हणजे जुन्या भोकातून तेवढेच मिश्रण आले, तरी इंजिनाच्या दृष्टीने ते अपुरे पडते. नव्या गाड्यांत धुराड्यातला संवेदक हे ओळखतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. ठोका ऐकायलाही त्यांना यंत्राचा कान असतो. पद्मिनीला मिस्त्री आहेत.

त्यातच धुराच्या तपासणीची अडचण. जुन्या गाडीला संथ चालीत कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो. प्रमाणपत्रापुरता स्क्रू आवळायचा आणि बाहेर येऊन सैल करायचा, हा रिवाज मी अनेकदा पाहिला आहे. मिस्त्रींना तो पसंत नाही. त्यांनी संथ चालीचा स्क्रू तीन टक्क्यांच्या आत बसेल असाच ठेवला आणि कार्बोरेटरचा मुख्य जेट तेवढा एक नंबर मोठा घातला. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाची रुंदी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. रबरी नळ्याही नव्या टाकल्या, कारण इथेनॉल जुने रबर खाते.

मग डेल्को. त्यांनी मला बोलावून सांगितले, "मास्तर, फळ्याकडं तोंड करून तुम्ही मागच्या बाकावरची कुजबूज ओळखता ना? तर चला."

सुटीच्या दिवशी पहाटे आम्ही गायमुखला गेलो. आप्पा मागे, मी पुढे. काच खाली. चढावर मिस्त्रींनी गाडी मुद्दाम वरच्या गिअरात, कमी वेगात ठेवली आणि पाय पूर्ण दाबला. चिंचोके वाजले. "वाजतंय," मी म्हणालो. वेग वाढला तरी ते थांबेनात. त्यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडून डेल्को केसाइतका मागे फिरवला, पुन्हा खाली नेऊन वर आणली. या वेळी सुरुवातीला पुसट किणकिण झाली, आणि गाडीने वेग धरताच विरली.

"गेलं?"

"गेलं."

"तेवढंच हवं," ते म्हणाले. माथ्यावर त्यांनी प्लग काढून आप्पांच्या हातावर ठेवला. आप्पांनी चष्मा वर करून तो न्याहाळला. काटा पाण्याच्या उकळीपासून पुष्कळ खाली होता. डेल्कोच्या तळाशी छिन्नीने ओढलेल्या दोन जुन्या रेघा होत्या; एक शिशाच्या काळातली, दुसरी त्यानंतरची. मिस्त्रींनी छिन्नी मागितली आणि त्यांच्या शेजारी तिसरी रेघ ओढली.