कुडाला तुंबड्या

नोकरी/व्यवसाय आणि छंद. लग्नाच्या बायोडाट्यात एकाखाली एक दोन रकाने, मध्ये फक्त उंची आणि रक्तगट. भाच्याचं काम या दोहोंपैकी कुठे लिहायचं, हे माझं अजून ठरलेलं नाही.

ताईने तिच्यापुरतं ठरवून टाकलं. "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, दुसरं काय!" चहाचे कप उचलता उचलता ती म्हणाली. भाचा समोरच होता. त्याने मान वर केली नाही. फोनवरची बोटं तेवढी थांबली. त्या थांबलेल्या बोटांमुळे असेल, पण ती म्हण तेव्हापासून माझ्या मागे लागली आहे.

आमच्या गावच्या न्हाव्याला आम्ही तात्या म्हणायचो. बार्शीपासून दहा-बारा मैलांवरचं गाव. खांद्याला चामड्याची धोकटी, तीत वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, पाण्याची पितळी वाटी. तात्यांची तुंबडी मी एकदाच पाहिली. आजोबांची पाठ धरली होती. तात्यांनी वस्तऱ्याच्या टोकाने पाठीवर बारीक बारीक फासण्या मारल्या, त्यावर शिंगाचं रुंद तोंड टेकवलं, निमुळत्या टोकाला ओठ लावून आतली हवा ओढली आणि जिभेनेच मेण सरकवून भोक बंद केलं. शिंग पाठीला चिकटून राहिलं. थोड्या वेळाने काढलं तेव्हा आत काळपट रक्त होतं. आजोबा म्हणाले, हलकं वाटलं. आता कळतं की तुंबडी धरायला कातडी लागते. मातीने लिंपलेल्या कुडाला ती धरणारच नाही, हवा आत शिरेल. म्हणीतला न्हावी हे जाणत असणार, त्याचाच तो धंदा. मग तो कुडाशी काय करत होता? हात चालता ठेवत होता का? एखाद्या पोराला कसब शिकवत होता? की घरी बसला तर 'रिकामा' म्हणतील, म्हणून काहीतरी करताना दिसत होता?

आणि 'रिकामा' हे ठरवलं कुणी? तात्यांना हजामतीचे सुटे पैसे कुणी देत नसे. त्यांना बलुतं होतं. वर्षभर गावाच्या दाढ्या-डोया करायच्या, लग्नात निरोप पोचवायचे, पाहुण्यांचे पाय चेपायचे आणि सुगीत खळ्यावर जाऊन ज्वारीचा वाटा घ्यायचा. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा'त ही सगळी रचना मांडून ठेवली आहे. बलुतेदारांच्या तीन पायऱ्या : थोरली कास, मधली कास, धाकटी कास. जशी कास तसा धान्याचा वाटा. असा माणूस पारावर नुसता बसलेला असला तरी रिकामा नसतो. त्याचं अख्खं वर्ष गावाने आधीच घेतलेलं असतं. म्हण रचली ती ज्यांची दाढी त्या घटकेला वाढलेली नव्हती, त्यांनी.

बलुत्याचे मला गोडवे गायचे नाहीत. काम जन्माबरोबर गळ्यात पडायचं, वाटा जातीवरून ठरायचा, नको म्हणायची सोय नव्हती. मला आठवतो तो १९७२चा दुष्काळ. मी नऊ वर्षांचा होतो. खळी मोडून पडली होती. पिकलंच नव्हतं तर वाटा कशाचा? तात्यांनी त्याही वर्षी गावाच्या दाढ्या केल्या, पण सकाळी लवकर, कारण नंतर ते दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. संध्याकाळी परतताना त्यांच्या हातावर फोड असायचे. घरी मिलो ज्वारी शिजायची, शाळेत आम्हांला सुकडी मिळायची. त्या वर्षी तात्यांनी गावाची जी हजामत केली ती काय होती, नोकरी, धंदा, सवय? मी आईला असलं काही विचारल्याचं आठवत नाही. आज विचारावंसं वाटतं, तर उत्तर द्यायला कुणी उरलेलं नाही.

भाच्याचं काम मी शेजारी बसून पाहिलं आहे. नव्याने निघणाऱ्या क्रिप्टो चलनांची जाहिरात करायची आणि मोबदल्यात तेच चलन घ्यायचं. तो त्याला बाउंटी म्हणतो. एअरड्रॉप, म्हणजे फुकट वाटलेलं चलन, हा त्याचाच चुलतभाऊ. लॅपटॉपवर एक शीट आहे : प्रोजेक्टचं नाव, वॉलेटचा पत्ता, टास्क, स्नॅपशॉटची तारीख, शेवटी रंग. पोस्ट टाकायची, दुसऱ्याची पोस्ट पुढे ढकलायची, टेलिग्रामच्या गटात हजर राहायचं. प्रत्येक टास्कला ठरावीक 'स्टेक' मिळतात. रविवारी रात्री बाराच्या आत आठवड्याच्या सगळ्या लिंका भरून रिपोर्ट द्यायचा. एक मिनिट उशीर झाला की आठवडा बाद. आठ-दहा आठवड्यांनी कॅम्पेन संपतं आणि बाजूला काढलेली चलनाची रास वाटली जाते. एकूण स्टेक किती, त्यात तुझे किती, त्या मानाने तुझा वाटा.

हे ऐकताना मला खळं दिसलं. वर्षभर आधी राबायचं आणि पिकलं तर वाटा. त्याच्या शीटमध्ये त्या दिवशी तेवीस ओळी होत्या, त्यांतल्या सहा हिरव्या. "हिरव्या म्हणजे पैसे झाले, मामा. पिवळ्या म्हणजे टोकन आलं पण विकत कुणी घेत नाही. लाल म्हणजे टेलिग्रामचा गटच बंद." लाल सगळ्यांत जास्त होत्या. पण तात्यांचं धान्य घरी नेऊन दळता तरी येत होतं. इथे ज्वारी आहे की नाही हेच खळ्यावर दुसरा कुणी ती विकत घेईपर्यंत कळत नाही. शिवाय तात्यांना गाव सोडता येत नव्हतं, भाच्याला सोडता येतं. त्याला कुणी धरून ठेवलेलं नाही. तरी तो रविवारी रात्री जेवणावरून उठतो.

यात तो शिरला २०२०च्या टाळेबंदीत. कॉलेज बंद, घरात चार भिंती. त्या सप्टेंबरात युनिस्वॅप या क्रिप्टो अदलाबदलीच्या मंचाने आपली सेवा आधी वापरलेल्या प्रत्येक पत्त्याला निदान ४०० युनी टोकन देऊन टाकले. त्या वेळच्या भावाने हजार डॉलरच्या वरची रक्कम झाली. ती गोष्ट तो आजही सांगतो, आणि दुसरीही : २०१० साली गॅव्हिन अँड्रेसन नावाच्या प्रोग्रामरने वेबसाइट काढून येणाऱ्या प्रत्येकाला पाच बिटकॉइन फुकट वाटले होते, लोकांना सवय व्हावी म्हणून. तेव्हा ते कवडीमोल होते. "ज्यांनी घेतले त्यांना तेव्हा लोक रिकामटेकडेच म्हणत असतील ना?" हे विचारताना त्याचा आवाज खाली आला होता. मी हो म्हणालो. म्हणायला नको होतं की काय, कळत नाही. एका माणसाला लागलेल्या आंब्यावरून कोयी पेरत बसायला मीच त्याला बळ दिलं, असंही होऊ शकतं.

आपल्या भाषेनेही इथे हात टेकलेले दिसतात. उद्योग म्हणजे कारखानदारी आणि 'नसते उद्योग' म्हणजे उपद्व्याप. छंद चांगला, पण तोच दोन पावलं पुढे गेला की नाद, आणि नादी लागलेल्या माणसाला घरात कुणी छंदिष्ट म्हणत नाही. पैशालाही किती नावं! पगार, मजुरी, दलाली, बिदागी, दक्षिणा, बक्षिसी. भाच्याला मिळतं ते यांतलं कुठलं? मला एकच शब्द जवळचा वाटला, मानधन. आणि तो मनात आला त्या क्षणी मी ताईकडे पाहिलं.

ताई अंगणवाडी सेविका आहे. सव्वीस वर्षं झाली. सकाळी अंगणवाडीचं दार उघडायचं, पोरांची वजनं घ्यायची, दंड मोजायचे, खाऊ शिजवून घ्यायचा, गरोदर बायकांच्या घरी जायचं, मतदारयाद्यांचं काम आलं की तेही. या सगळ्याला जे मिळतं त्याचं सरकारी नाव मानधन. पगार नाही. कागदोपत्री ती आपल्या मानाने, आपल्या खुशीने समाजसेवा करते. म्हणजे नीट वाचलं तर तो तिचा छंदच ठरतो. २०२३च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या, तो संप जानेवारीत मिटला. ताई थंडीत मुंबईला आझाद मैदानावर जाऊन बसली होती. येताना घसा बसलेला होता. "आम्हांला कर्मचारी म्हणा, एवढंच मागत होतो," ती म्हणाली. पैशाचंही मागणं होतंच, पण तिने आधी सांगितला तो शब्द.

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या सेविकांच्या प्रकरणात निकाल दिला की त्यांनाही ग्रॅच्युइटी लागू आहे, आणि मानधन म्हणून मिळतं ते त्या कायद्यापुरतं वेतनच आहे. त्या बातमीचं कात्रण ताईने देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलंय. एका शब्दासाठी किती वर्षं जावी लागली! आणि तीच ताई पोराला रिकामा न्हावी म्हणते. मला याचा राग आला होता. मग एका रात्री मी त्यांच्याकडे राहिलो. जेवणं झाल्यावर दोघं एकाच टेबलाशी बसले. ती सरकारी ॲपवर पोरांची वजनं भरत होती. नेटवर्क जात होतं, भरलेलं पुसलं जात होतं, ती पुन्हा भरत होती. तो समोर लिंका चिकटवत होता. दोघांच्या तोंडावर फोनचा सारखाच उजेड. मध्येच तिने फोन त्याच्याकडे सरकवला, त्याने तिचं पान उघडून दिलं आणि न बोलता परत केला. राग तिथेच विरला. आपलं काम कुणी काम म्हणत नाही तेव्हा काय होतं, हे तिला माहीत आहे म्हणूनच ती त्याला तिथून ओढून काढू पाहत असेल.

आयकराला तर असा प्रश्नच पडत नाही. कायद्यात उत्पन्नाची पाच शीर्षकं आहेत आणि छंद त्यांत नाही. भाच्याच्या सीएने टोकन हातात पडलं ते 'इतर' उत्पन्नात दाखवलं. पुढे ते विकून नफा झाला तर त्यावर २०२२पासून सरसकट ३० टक्के कर, वर उपकर वेगळा. एका टोकनाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. विक्रीच्या रकमेतून १ टक्का आधीच कापून घेण्याची तरतूद त्याच वर्षीच्या १ जुलैपासून आली. सरकारला त्याचं काम कुठल्या जातीचं हे ठरवायची गरज भासलेली नाही. लग्नाच्या बायोडाट्याला मात्र भासते.

इथवर आलो तेव्हा मी 'नोकरी/व्यवसाय' याच बाजूला झुकलो होतो. शिस्त आहे, मुदत आहे, कसब आहे. माझ्या काही मित्रांनी सरकारी खुर्चीत याहून कमी केलं. पण एक गोष्ट मी अजून ताईला सांगितलेली नाही. मागे त्याच्याकडे भाषांतराची बाउंटी आली होती. एका नव्या चलनाची माहितीपत्रिका, चौदा पानं, मराठीत करायची. त्याने मला विचारलं आणि मी हौसेने बसलो. दोन रात्री आम्ही शब्द शोधत होतो. विकेंद्रित, सहमती, खातेवही. इतक्या वर्षांत भाच्याशी माझं एवढं बोलणं झालं नव्हतं. मला त्यातलं काहीच नको होतं, म्हणजे माझ्यासाठी तो छंद होता, याबद्दल शंका नाही. पत्रिका छान झाली. सहा महिन्यांनी भाच्याच्या गल्लीतला मोबाईल दुरुस्त करणारा पोरगा मला भेटला. मराठीत वाचून पहिल्यांदाच सगळं समजलं, म्हणाला, म्हणून बारा हजार घातले होते. त्यांचे आता सातशे उरलेत. तो तक्रार करत नव्हता. तुम्हांला यातलं कळतं म्हणे, वर येईल का, एवढंच विचारत होता.

तेव्हापासून म्हण उलटून दिसते. कुडाला लावलेल्या तुंबडीने कुणाचं काही जात नाही. ताईची म्हण खरी असती तर मी निवांत असतो. पण भाच्याच्या शीटमधली प्रत्येक हिरवी ओळ कुणीतरी ते टोकन विकत घेतलं म्हणून हिरवी आहे. मराठीत आणखीही एक तुंबडी आहे, मागणाऱ्याच्या हातातली, भोपळ्याची. आपली तुंबडी भरणं म्हणतात ते तिच्यावरून. एक तुंबडी रक्ताने भरते आणि एक दाण्याने. आजोबांना हलकं वाटलं होतं, त्या पोराला वाटलेलं नाही. आणि ते शिंग टेकवायला जागा दाखवली ती माझ्या मराठीने, हौसेच्या, बिनमोबदल्याच्या. काम छंदाच्या रकान्यात टाकलं की त्याची जबाबदारी हलकी होते का? झाली असती तर बरं झालं असतं. पगार घेऊन जाहिरात लिहिणाऱ्याला निदान विचारायला वर कुणी असतं. भाच्याला विचारायला कुणी नाही, मलाही नाही.

मी त्याला त्या बारा हजारांचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मी त्याला घे म्हटलं नव्हतं." हे खरं आहे. मीही म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने त्या पोराला पाच हजार नेऊन दिले, उरलेले पुढच्या हिरव्या ओळीतून देईन म्हणाला. पुढच्या हिरव्या ओळीतून! यात मी समाधान मानायचं की घाबरायचं?

बायोडाटा अजून माझ्या टेबलावर आहे, छापखान्यात उद्या द्यायचाय. वर गणपती, खाली कुलस्वामिनी, मग माहिती. आईच्या नावापुढे ताईने स्वतःच्या हाताने 'नोकरी : अंगणवाडी' असं लिहिलंय. मुलाची उंची पाच फूट आठ इंच, रक्तगट बी पॉझिटिव्ह. त्यांच्या वरचा आणि खालचा रकाना कोरा आहे.