हातभट्टीतला हात

‘हातभट्टी’ हा शब्द आपल्याला भेटतो तो बहुधा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर. छापा, कच्चे रसायन नष्ट, गुन्हा दाखल अशा ठरलेल्या शब्दांच्या संगतीत तो येतो. या समासातल्या ‘हात’ या पदाकडे आपण सहसा पाहिलेले नसते.

घरी बिअर करणारे हौशी लोक आज जगभर आहेत. त्यांची सारी काळजी एका आकड्याभोवती फिरते. मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात ठेवले की धान्यातली विकरे पिठाची साखर करतात. पाणी ६३ अंश सेल्सिअसच्या आसपास असले तर बहुतेक साखर पुढे आंबते आणि पेय हलके होते. ७० च्या जवळ गेले तर न आंबणारी साखर मागे राहून पेयाला जडपणा येतो. ८० च्या घरात विकरे निकामीच होतात. म्हणून तापमापक, पंप आणि विजेवर चालणारे नियंत्रक.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूल आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या या डोंगरपट्ट्यात नागली पिकते. मोड आलेल्या नागलीचे पीठ उकळत्या पाण्यात न टाकता थंड पाण्यात कालवून मंद आचेवर चढवले तर पेज पातळ राहते, कारण विकरांना निकामी होण्यापूर्वी काम करायला अवधी मिळतो. शास्त्र तेच, फक्त तापमापकाच्या जागी बाईचा हात आहे.

मोहाची गोष्ट थोडी वेगळी. चैत्राच्या सुमारास पहाटे गळणाऱ्या त्या फुलांत साखर आयतीच असते. त्यामुळे तापमानाची कसोटी फुले आंबल्यानंतर, चुलीपाशी लागते. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते, पाणी १०० अंशांना. जाळ भडकला तर पाणीही भरमसाट वर चढते आणि तळाची फुले करपतात. जाळ मंदावला तर धार तुटते. वरच्या भांड्यातले गार पाणी वाफेला निववते. ते हाताला चटका देऊ लागले की बदलायचे, आणि किती वेळा बदलले यावरून धार किती कडक ते ओळखायचे. कोमट, ऊन, कढत, चटका हेच या कामातले अंश. ‘पहिल्या धारेचा’ हा प्रयोग आपण समीक्षेतही सहज करतो. अल्कोहोल आधी निघते आणि पुढची धार पाणचट होत जाते, हे निरीक्षण त्याच्या मुळाशी आहे.

त्या भागातल्या एका विद्यार्थ्याने बोलीच्या शब्दसंग्रहासाठी आजीकडून या कामाचे शब्द टिपून आणले होते. ‘निवेदक’ हा रकाना मात्र त्याने कोरा ठेवला होता. मी कारण विचारले. “सर, नाव लिहिलं तर तो जबाब होईल,” तो म्हणाला.

ही भीती उगाच नव्हती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून गावच्या भट्ट्या गुन्ह्याच्या कक्षेत ढकलल्या गेल्या. १८९२ च्या कायद्याने शेजारच्या ठाणे जिल्ह्यात मोहफुले बाळगण्यावरही निर्बंध आले. १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे आलाच. अर्थात दारूचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. १९२२ मध्ये या सीमाभागातून दक्षिण गुजरातेत पसरलेल्या देवी चळवळीत आदिवासींनी आपणहून दारू-ताडी सोडली. डेव्हिड हार्डिमन यांनी त्यावर पुस्तकच लिहिले आहे. त्या आजीनेही मुलाच्या व्यसनापायी आपली भट्टी कधीच मोडून टाकली होती.

याच जिल्ह्यात, २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर वाइनचे कारखाने वाढले. तिथे पोलादी टाकीचे तापमान राखणाऱ्याला आपण तंत्रज्ञ म्हणतो. चुलीचा जाळ राखणारीसाठी आपल्याकडे कायद्याच्या बाहेरचा शब्दच नाही. आपल्या साहित्यात दारू पिणारा बाप आणि मार खाणारी आई पुष्कळ आहेत, आणि ते दुःख खरे आहे. पण दारू गाळणारीला काय ठाऊक होते, याची नोंद क्वचितच सापडते. व्यसनाचा निषेध करताना ते ज्ञानही गुन्ह्यात जमा करण्याची गरज नव्हती.

तो रकाना मी कोराच राहू दिला. शब्द सगळे घेतले, आणि ‘चटका’ या नोंदीपुढे ‘पाणी बदलण्याची वेळ’ हा अर्थही लिहायला सांगितला.