प्रागच्या चौकांत खालीही पाहा!

मैत्रिणींनो, युरोपच्या सहलीत चेक देशाची राजधानी प्राग असेल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हे शहर पायी पाहायचं आणि रस्ते आहेत दगडी फरसबंदीचे. तेव्हा उंच टाचा घरीच ठेवा. साडी नेसलात तर चार बोटं वर नेसा.

सुरुवात जुन्या गावाच्या चौकापासून करा. इथल्या नगरभवनाच्या भिंतीवर १४१० सालचं खगोली घड्याळ आहे. तास भरत आला की खाली ही गर्दी! सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य एकामागून एक दर्शन देतात, शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. खेळ संपतो, लोक पांगतात.

तुम्ही मात्र नगरभवनाच्या पूर्वेला वळा आणि पायांखाली पाहा. फरसबंदीत २७ पांढरे क्रूस बसवलेले आहेत. हॅब्सबर्ग राजाविरुद्ध उठाव करणाऱ्या २७ जणांना २१ जून १६२१ रोजी इथेच देहदंड दिला. त्यांत सरदार होते, तसे साधे नगरवासीही होते.

१३५७ साली बांधायला घेतलेला चार्ल्स पूल आणि त्यावरचे ३० पुतळे भल्या सकाळी पाहून घ्या. नंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

मग वेन्सेस्लास चौक. नाव चौकाचं, पण आहे चांगला पाऊण किलोमीटर लांब रस्ता! पूर्वी इथे घोड्यांचा बाजार भरे. ऑगस्ट १९६८ मध्ये इथे सोव्हिएत रणगाडे आले. त्याच्या निषेधार्थ जानेवारी १९६९ मध्ये यान पालाख या अवघ्या २० वर्षांच्या विद्यार्थ्यानं इथेच स्वतःला पेटवून घेतलं. संग्रहालयासमोर त्याची आठवण आहे, तीही जमिनीतच: फरसबंदीतून उचलला गेलेला एक ब्राँझचा क्रूस. पुष्कळ प्रवासी तो ओलांडून जातात, बरं का!

याच चौकात नोव्हेंबर १९८९ मध्ये माणसांचा पूर लोटला. हातात शस्त्र नव्हतं. बायाबापड्यांनी, पोरांनी पर्समधल्या, खिशांतल्या किल्ल्या काढल्या आणि डोक्यावर धरून खुळखुळवल्या. राज्यकर्त्यांना सांगणं एवढंच, की आता तुमची निघायची वेळ झाली! वर्ष संपायच्या आत सत्ता बदलली आणि तुरुंग भोगलेले नाटककार वाच्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले.

कुणाच्या दाराची, कुणाच्या कपाटाची, अशा घरातल्याच किल्ल्या त्या! त्या चौकात उभ्या राहाल, तेव्हा पर्समधला आपला जुडगा एकदा वाजवून बघा.