दोन ओट्या

परवा आईला मांढरदेवीला नेऊन आणलं. वीस वर्षं उलटून गेली, ती काळूबाईचं नाव घ्यायची, पण "चल जाऊन येऊ" म्हटलं की विषय बदलायची. यंदा स्वतःच म्हणाली, "गुडघे आहेत तोवर ने बाबा." मग मी, बायको, नववीतली लेक आणि आई, वाईहून घाट चढून गेलो. मुद्दाम मंगळवार-शुक्रवार टाळला. गर्दी बेताचीच होती.

आईच्या पिशवीत ओटीचं सामान होतं. एक नाही, दोन ओट्या. बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी काही बोललो नाही. मला माहीत होतं.

25 जानेवारी 2005, मंगळवार, पौष पौर्णिमा. आमच्या आळीतल्या बायका दरवर्षी यात्रेला ट्रक करून जायच्या. त्या वर्षी बहिणीचं बाळंतपण होतं म्हणून आई राहिली आणि शेजारच्या काकूंकडं आपली ओटी दिली. काकू परत आल्या नाहीत. त्या दिवशी गडावर 290 हून जास्त माणसं गेली.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी तेव्हा नुकताच वार्ताहर झालो होतो. आपल्या भागातले कोण कोण गेले याची यादी करायचं काम माझ्याकडं होतं. रात्री वाईत पोचलो. हातात वही, समोर रडणारी माणसं, आणि मी विचारतोय, "नाव काय, वय काय, गाव कुठलं?" काकूंचं नाव माझ्याच हातानं लिहिलं. बातमीची पहिली ओळ अजून आठवते. अफवा पसरली, भाविक सैरावैरा धावले, चेंगराचेंगरी झाली. म्हणजे चूक कुणाची? धावणाऱ्यांची. मेलेल्यांची.

परवा पायऱ्या चढताना आई मध्येच थांबली, वाकून दगडाला हात लावला. लेकीनं विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. अरुंद वाट, दोन्ही बाजूंनी खेटून दुकानं, फुटलेल्या नारळांच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या. माणसं घसरली, मागचा लोंढा अंगावर आला. मग दुकानांना आगी लागल्या, गॅसच्या टाक्या फुटल्या.

ती एवढंच म्हणाली, "पण बाबा, त्यांना बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती का?"

चौदा वर्षांच्या पोरीला जो प्रश्न पडला, तो डिप्लोमा घेऊन मला पडला नव्हता. मी किती मेले ते मोजलं. वाट किती फुटांची होती, ते मोजलं नाही.

नंतर न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला गेला. यात्रेत पशुबळी, नारळ फोडणं, तेल वाहणं यावर बंदी आली. चांगलंच झालं. पण त्याआधी 2003 ला नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी झाली होती, 39 माणसं गेली. 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 23 गेली. तिथं ना देव होता ना नवस, माणसं कामाला निघाली होती. त्यामुळं "लोक अंधश्रद्धाळू, म्हणून असं होतं" हे सोपं उत्तर मला आता पटत नाही. गर्दी येणार हे आधी माहीत असतं. तारीख तर पंचांगातच छापलेली असते. माहीत असून वाट रुंद होत नाही, तिथं अफवा हे निमित्त असतं.

देवळात आईनं पहिली ओटी भरली, मग दुसरी. दुसरी भरताना पुटपुटली, "तिची राहिली होती गं बाई." बाहेर येऊन बराच वेळ कट्ट्यावर बसली. उतरताना माझा हात धरला नाही, नातीचा धरला.

आपल्या तालुक्यातल्या जत्रा आता सुरू होतील. आयोजकांत आपलीच माणसं असतात. पाळणे किती, तमाशा कुणाचा, ते ठरवाच. पण एकदा टेप घेऊन देवळाची वाट मोजा. आत जायची एक आणि बाहेर यायची दुसरी आहे का, तेवढं बघा. नसेल तर मला कळवा, बातमी करू. या वेळी आधी करू.