स्मृतीचा दोष

घरातला संगणक बिघडणे ही काही दिवाळी अंकात सांगण्यासारखी गोष्ट नव्हे, हे मला कळते. घरोघरी पंखे बिघडतात, मिक्सर बिघडतात, शेजाऱ्यांशी असलेले संबंधही बिघडतात. त्यांवर कोणी निबंध लिहीत बसत नाही. पण आमच्याकडचा संगणक बिघडला त्या आठवड्यात मी जे शिकलो, ते वीस वर्षे मराठी शिकवताना मला शिकता आले नव्हते. म्हणून हा प्रपंच.

प्रथम त्या यंत्राची ओळख करून देतो. २०१३ साली मी ते माझ्या कामासाठी घेतले. पुढे लॅपटॉप आला आणि जुने यंत्र अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खोलीत गेले. अण्णा प्राथमिक शिक्षक. नोकरीची पहिली वर्षे त्यांनी पाटण तालुक्यात काढली. आमच्या कन्येने त्यांना संगणकावर मराठी उमटवायला शिकवले, आणि मग रोज दुपारचा चहा झाला की अण्णा दोन बोटांनी आपल्या आठवणी लिहू लागले. जोडाक्षर अडले की नातीला हाक जाई. मधूनच मला म्हणत, "एकदा नजर टाक रे. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघून दे." मी म्हणे, "परीक्षा होऊन जाऊ दे, अण्णा." विद्यापीठाच्या कृपेने परीक्षा कधीच संपत नाहीत, हे वाचकांना ठाऊक असेलच.

गेल्या मार्गशीर्षात अण्णा गेले. सौ.ने यंत्रावर एक विणलेला रुमाल घातला आणि खोलीचे दार लोटून घेतले.

गणपती झाल्यावर नागपूरहून ताईचा फोन आला. "भाऊबीजेला येईन तेव्हा अण्णांचं ते लिखाण काढून ठेव. वर्षश्राद्धाच्या आधी एकदा वाचायचंय." मी मोठ्या ऐटीत "त्यात काय!" म्हणालो, रुमाल बाजूला केला आणि बटण दाबले.

पडदा उजळला, पण त्यावर पैठणीच्या काठासारख्या उभ्या रंगीत रेघा! मधूनमधून हिरवे-जांभळे ठिपके. अक्षरे अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मी काय केले असेल? ओल्या फडक्याने पडदा पुसला. रेघा आतून आहेत हे दिसत असतानाही पुसला. मग वायर हलवली. मग यंत्राच्या पाठीवर दोन थापा मारल्या. मग आमच्या पंधरा वर्षांच्या कन्येने या पिढीचा रामबाण उपाय सुचवला : "बाबा, बंद करून परत सुरू करा." मी आज्ञाधारकपणे बंद केले. परत सुरू मात्र ते झाले नाही. पंखा फिरत होता, दिवा लागला होता, पडदा काळाठिक्कर. आणि आतून एक लांबलचक 'बीऽऽप' थांबून थांबून येत होता.

संध्याकाळी दुरुस्तीवाले गृहस्थ आले. त्यांनी यंत्र उघडलेदेखील नाही. "मदरबोर्ड गेला, साहेब. नवीनच घ्या. आतलं काही मिळेल याची खात्री नाही." एवढे बोलून, येण्याजाण्याचे पैसे घेऊन ते गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दरवर्षी मी वर्गात लीळाचरित्राची कथा सांगतो. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गावोगाव हिंडून जमवल्या. ती मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली, आणि पंथातल्या लोकांनी ती आठवून आठवून पुन्हा लिहून काढली, असे परंपरा सांगते. हिराइसेच्या नावाने ओळखला जाणारा पाठ त्यांतलाच. पोथी गेली तरी ग्रंथ वाचला, कारण तो माणसांच्या तोंडी होता. हे मी किती रंगवून सांगतो! मुलेही माना डोलावतात. आणि आज माझ्या घरातली पोथी त्या काळ्या पेटीत अडकली होती. तिची दुसरी प्रत नव्हती. ती कुणाच्या तोंडी नव्हती. ती अण्णांखेरीज कोणी वाचलेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बटण दाबून पाहत होतो, तोच वरच्या मजल्यावरचे काका दारात उभे राहिले. काका तारखात्यातून निवृत्त झालेले. देशातली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, तेव्हा त्यांनी दोन दिवस धड जेवण केले नव्हते. वय ऐंशीच्या पुढे. पण कान अजून कडकट्टाच्या काळातले.

"प्राध्यापक, ते यंत्र बोलतंय आणि तुम्ही बटणं काय दाबताय? मोजा की."

"काय मोजू?"

"आवाज. लांब किती, आखूड किती, मध्ये थांबतंय किती. पडद्यावर लिहिता येत नाही म्हणून बिचारं तोंडाने सांगतंय."

आणि खरेच तसे होते. संगणक सुरू होताना प्रथम स्वतःचीच तपासणी करतो आणि काही खोट सापडली तर ती अशा आवाजांच्या खुणेने कळवतो. प्रत्येक बनावटीची खूण निराळी. अण्णांनी यंत्राबरोबर आलेले माहितीपुस्तक वर्तमानपत्राचे कव्हर घालून, वर नाव लिहून, खणात ठेवले होते. त्यात पाहिले. थांबून थांबून येणारे लांब आवाज : स्मृतीचा दोष.

माझ्या पोटात गोळा आला. स्मृतीच गेली, मग उरले काय? काका हसले. "अहो, ही स्मृती म्हणजे पाटी. शाळेत असते ती. चालू कामापुरतं लिहायचं. वीज गेली की पुसलं. तुमच्या वडिलांचं लिखाण आहे कपाटात, हार्ड डिस्कमध्ये. पाटी फुटली म्हणून कपाट जळत नाही."

मग त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली. "रेघा दिसल्या त्या केव्हापासून? अगदी आरंभी बनवणाऱ्याचं नाव येतं तेव्हापासून, की नंतर?"

मी आठवून पाहिले. "अगदी आरंभापासून."

"मग विंडोज निर्दोष. तो तेव्हा उठलाच नव्हता. आता पडद्याचं स्वतःचं बटण दाबा."

दाबले. उजेड कमीजास्त करण्याची त्याची यादी पडद्यावर स्वच्छ उमटली. "मग पडदाही निर्दोष. वायर खराब असती तर रेघा आल्या असत्या, पण यंत्र असं ओरडलं नसतं. दोन्ही दुखणी एकाच कारणाने कशी होतील, ते शोधा."

कारण पुस्तकातच होते. आमच्या यंत्रात चित्रासाठी वेगळे कार्ड नाही. अशी यंत्रे पडद्यावरचे चित्र मांडायला त्याच पाटीचा एक कोपरा उसना घेतात. पाटीला तडा गेला की चित्रात रेघा येणार आणि तडा वाढला की यंत्र उठणारच नाही. आदल्या दिवशी मी ज्या पडद्याला पुशीत होतो, तो बिचारा मिळालेले चित्र इमानाने दाखवीत होता.

काकांनी प्रथम भिंतीतला प्लग काढायला लावला, मग यंत्राचे बटण काही क्षण दाबून धरायला लावले, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते. अंगावरची स्थिर वीज आतल्या नाजूक भागांना मारक असते म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावायला सांगितले. विजेचा पुरवठा करणाऱ्या बंद डब्याला मात्र हात लावू दिला नाही. झाकण उघडले. आत पावसाळ्याची ओल खाल्लेली धूळ. स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या, दोन पट्ट्या होत्या. आता पुढचा प्रकार ऐका. दोन्ही काढल्या, पहिली एकटीच बसवली. यंत्र सुरू! पडद्यावर रेघ नाही, ठिपका नाही. मी टाळी वाजवणार, तोच काका म्हणाले, "आता ती काढा आणि त्याच खाचेत दुसरी घाला."

"कशाला? चाललंय की!"

"चाललंय हे दिसलं. का चाललंय ते कुठे कळलं?"

प्लग काढून, नाखुशीनेच दुसरी घातली. बीऽऽप. म्हणजे खाच ठीक आणि खोट या पट्टीत. आपल्या जुन्या नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक तो हाच : अमुक असले की तमुक होते, नसले की होत नाही, असे दोन्ही बाजूंनी पाहिल्यावाचून कारण ठरवू नये. मी तो शब्द पदवीपरीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तारखात्यातला हा माणूस तो शब्द न उच्चारता वापरीत होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी पाहायचे, एवढेच त्याचे शास्त्र.

"आता खोडरबर आणा."

अण्णांच्या खणात पांढरे खोडरबर होतेच. पट्टीच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते, तिच्यावर काळपट थर बसला होता. काकांनी तो हलक्या हाताने घासला, रबराचा चुरा कोरड्या ब्रशाने झटकला, पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी दाबून 'कट्' आवाज येईपर्यंत बसवली. बटण दाबले. एकच आखूड 'बिप', आणि स्वच्छ पडदा. जे रबर पुसून टाकण्यासाठीच जन्माला आले, त्याने आठवण परत आणली!

घड्याळ मात्र १ जानेवारी २०१३ दाखवीत होते. ती त्या आतल्या चपट्या सेलची करामत. यंत्र बंद असताना तारीख-वेळ तोच सांभाळतो. त्याच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. त्यातले २० म्हणजे मिलिमीटरमधला व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. घड्याळाच्या दुकानात तो मिळाला. मदरबोर्ड वगैरे काही गेला नव्हता. अवघा खर्च त्या सेलचा.

काका वर गेले. मी अण्णांचे लिखाण उघडले. एकतीस प्रकरणे होती, आणि त्यांना अण्णांनी दिलेली नावे अशी : 'तपासणे १', 'तपासणे २', 'तपासणे ३'... थेट 'तपासणे ३१' पर्यंत.

वर्षाला शेकडो उत्तरपत्रिका मी तपासतो. ज्यांची तोंडेही मला ठाऊक नाहीत, त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल रेघा मारतो. या एकतीस उत्तरपत्रिका पाच वर्षे शेजारच्या खोलीत पडून होत्या, आणि लिहिणारा रोज दाराशी येऊन निकाल विचारीत होता.

त्या रात्री सगळे वाचून काढले. 'तपासणे ९' मध्ये ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आहे. अण्णा तेव्हा तेवीस वर्षांचे. शाळेच्याच खोलीत राहत. जमीन हलली तेव्हा त्यांनी अंधारात हाताला लागेल ते उचलून बाहेर धाव घेतली. उजाडल्यावर पाहतात तो हातात हजेरीपट. मग वडाखाली उभे राहून त्यांनी पहिलीपासून चौथीपर्यंत एकेका मुलाचे नाव पुकारले. दोन नावांना 'हजर' आले नाही. पुढचे वाक्य असे : त्या दोन चौकोनांत मी गैरहजेरीची खूण केली नाही, ते कोरेच ठेवले.

ही गोष्ट अण्णांनी आम्हांला कधीच सांगितली नव्हती. किंवा सांगत असतील, आणि माझी परीक्षा चालू असेल.

आता त्या लिखाणाच्या प्रती झाल्या आहेत. एक पेन ड्राइव्हवर, एक ताईकडे पाठवलेली आणि एक कागदावर छापून घेतलेली. ती कागदी प्रत घेऊन मी रोज रात्री तासभर बसतो. अण्णांनी 'भुकंप' असा पहिला उकार लिहिला आहे. सवयीने हात लाल पेनाकडे गेला होता. पण जुन्या पोथीचा संपादक लेखकाचा पाठ संहितेत तसाच ठेवतो आणि आपले म्हणणे खाली टिपेत देतो, हेही मी वर्गात शिकवतो. तेव्हा 'भुकंप' तसाच आहे. भाऊबीजेपर्यंत एकतिसावे प्रकरण तपासून होईल.

काल जिन्यात काका भेटले. म्हणाले, "काय प्राध्यापक, तार पोचली का?"

"पोचली," मी म्हटले. "उशीर झाला."